टीचरचे शब्द माझ्याकडे आहेत

आमच्या बिल्डिंगच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या की म्हणायच्या, "यशोदामावशी, इतकी वर्षं पेशंट सांभाळलेत, काहीतरी लिहा ना. पण सणाचा अंक आहे, जरा प्रसन्न लिहा." प्रसन्न माझ्याकडे काही नाही. आहे ते लिहिते. शाळा चौथीपर्यंत, ठाण्याजवळ बाळकुमला. तेव्हा बाळकुम गाव होतं आणि आम्ही खाडीवरचे कोळी. आमची जाळी जिथे वाळत पडायची तिथे आता टॉवर आहेत. लग्न होऊन डोंबिवलीजवळ कोपरला आले ती इथलीच झाले. शुद्धलेखन बाईंनी बघावं, बाकी काही बदलू नये.

आधी काम सांगते. आम्हाला घरोघरी कामाला लावणारे सेंटरवाले अटेंडंट म्हणतात, शेजारी आया म्हणतात. पेशंटची सून 'आमच्या मावशी' म्हणते आणि काही बिनसलं की 'ती बाई'. काम तेच. दिवसाची ड्युटी असेल तर सकाळी जायचं, रात्रीची बाई आली की सुटायचं. अंग पुसायचं, डायपर बदलायचा, भरवायचं, औषध द्यायचं, ठरल्या वेळी कूस बदलायची. कूस बदलली नाही तर पाठीला जखम होते आणि मग माणूस जाईपर्यंत ती भरत नाही. हे सगळं कुणालाही शिकवता येतं. शिकवता येत नाही ते बसणं. मोबाइल न बघता, जप न करता, नुसतं पेशंटजवळ बसणं. घरच्यांना ते जमत नाही म्हणून आम्हाला बोलावतात.

या कामात डोळा तयार होतो. आमच्या बायकांमध्ये एक शब्द आहे, वेचणं. माणूस जायच्या आधी काही जण पांघरुणावरून काहीतरी वेचायला लागतात. दोन बोटांनी, हळूच, तांदळातले खडे वेचावेत तसं. चादर स्वच्छ असते. तिथे काही नसतं.

बाळकुमच्या एका टॉवरमध्ये एक आजोबा होते. बँकेत मोठे साहेब होते, कडक शाकाहारी, अंड्याचा वाससुद्धा चालायचा नाही. माझ्या बापाची होडी जिथे ओढून ठेवायचे त्याच्या बरोबर वर, आकाशात, त्यांची खाट होती. एका दुपारी ते वेचायला लागले. मी विचारलं, "काय वेचताय बाबा?"

"जवळा," ते म्हणाले. "कचरा फार आहे यात."

आमच्या अंगणात आई जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकत टाकायची आणि आम्ही पोरं त्यातला कचरा वेचायचो. त्याच जागी, खाली. हे मी त्या घरात कधी बोलले नव्हते. सुनेला मी एवढंच म्हटलं, "लांबच्यांना बोलावून घ्या." 'वेचतायत' असं आम्ही घरच्यांना सांगत नाही, असंच सांगतो. लांबचे आले, आजोबा गेले, मी दुसऱ्या घरी लागले. या गोष्टीचा अर्थ मला विचारू नका. मी भूतखेत मानत नाही. एवढी माणसं धुवून नेसवून पाठवली, कुणी परत येऊन थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

आता टीचरचं सांगते. खरं तर तेवढंच सांगायचं होतं.

गायकवाड टीचर डोंबिवली पूर्वेला राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली नवऱ्याचा फोटो, त्याच्या बाजूला मुलाचा पदवी घेतानाचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मिलिंद कॅनडात. त्यानेच सेंटरला फोन करून मला लावलं. टीचरने जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेलं. आता मेंदू आटत चालला होता. डॉक्टरांनी मला साध्या भाषेत सांगितलं, "मावशी, यांचे शब्द हळूहळू जाणार. तुम्ही घाबरू नका, त्यांनाही घाबरवू नका."

पहिल्याच दिवशी टीचरने माझी मुलाखत घेतली.

"शिक्षण?"

"चौथी."

"इंग्रजी?"

"बीपी, शुगर, थँक्यू, सॉरी."

"सॉरी येतं म्हणजे बरंच येतं," टीचर म्हणाल्या. "मी देईन तुला शब्द. रोज एक. पण लिहायचा नाही. लिहिला की डोकं म्हणतं, सुटले एकदाची. डोक्यात धरायचा."

गंमत अशी की घरातले साधे शब्द त्यांचे जायला लागले होते. चमचा गेला होता. "ते दे गं, ते खायचं" म्हणायच्या. पण ज्या शब्दांची कुणाला कधी गरज लागत नाही ते सगळे जागेवर होते. एकदा त्यांचं पोट गुरगुरलं. मी हसले. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "हसू नको. याला बोरबोरिग्मस म्हणतात." पोट गुरगुरायला एवढा मोठा शब्द! मी म्हटलं, "टीचर, तुमचे इंग्रज लोक पोटाला घाबरतात वाटतं." त्यावर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

हे शब्द त्यांनी का गोळा केले तेही सांगितलं. कल्याणच्या चाळीतली मुलगी, घरात शिकलेली पहिलीच. नोकरीला लागल्या तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल व्हायची. त्या रोज घरी येऊन असा एक शब्द शोधायच्या जो त्या खोलीत कुणाकडेच नसेल, आणि पाठ करायच्या. "घर वडिलांनी दिलं, आडनाव नवऱ्याने दिलं," त्या म्हणायच्या. "हे शब्द मात्र कुणी दिलेले नाहीत. माझे मी आणलेत."

आंघोळ घालून, पावडर लावून, खुर्चीत बसवलं की शब्द मिळायचा. पहिला शब्द पर्लिक्यू. त्यांनी माझा हात घेतला आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या कातडीवर आपलं बोट ठेवलं. "ही जागा. हिला पर्लिक्यू म्हणतात." माझ्या आईची ती जागा जाळी विणून विणून दगडासारखी झाली होती. त्या जागेला नाव असतं हे तिला कळलं असतं तर म्हणाली असती, नावाने काय दुखायचं थांबतं? मी आईचा हात आठवला आणि शब्द धरला.

संध्याकाळी मी त्यांना दाखवायला माझा हात पुढे केला. "हे काय टीचर? पर्लिक्यू!"

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "काय म्हणालीस?"

"पर्लिक्यू. तुम्हीच सांगितलंत सकाळी."

"नाही गं," त्या म्हणाल्या. "असा शब्द नाहीये. तुला कुणी सांगितला?"

मी सोडून दिलं. अशा पेशंटचं असंच असतं. जेवून हात धुतात आणि म्हणतात, जेवायला कधी देणार. पण पुढच्या दिवशी सुसरस दिला. सुसरस म्हणजे कुजबुज, पानांची नाहीतर माणसांची. मी खाडीतली सुसर आठवली आणि धरला. संध्याकाळी सुसरस त्यांच्याकडे नव्हता. मग लॅकूना, म्हणजे मजकुरातली रिकामी राहिलेली जागा. मग क्रेपस्क्युलर, म्हणजे तिन्हीसांजेला बाहेर पडणारे प्राणी. हा मला लगेच लागला. आमची आई तिन्हीसांजेला कुणाला नावाने हाक मारू द्यायची नाही. म्हणायची, "भलत्याच कुणी ओ दिली तर काय करशील?" तोही त्यांच्याकडून गेला. न दिलेले शब्द मात्र जागच्या जागी.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मावशी, रोज काही ना काही जाणारच." ते खरंच आहे. पण जो शब्द मला दिला तोच का जायचा, हे विचारायच्या आत ते निघाले. डॉक्टर घाईत होते.

टीचरच्याही ते लक्षात आलं. हुशार बाई. मेंदू आटला तरी हुशारी शेवटपर्यंत राहते, मी बघितलंय. व्यायाम घ्यायला एक फिजिओ यायचा. त्याला त्यांनी मुद्दाम एक शब्द सांगितला, डिफेनेस्ट्रेट. माणसाला खिडकीतून बाहेर फेकणं. फिजिओ म्हणाला, "वा टीचर, मस्त!" आणि पाय वर करा, खाली करा सुरू झालं. तो जिना उतरेपर्यंत विसरलाही असेल. संध्याकाळी टीचरने मला हाक मारली. "यशोदा, डिफेनेस्ट्रेट माझ्याकडे आहे."

"मग?"

"त्याने धरला नाही, म्हणून माझ्याकडे राहिला. तू धरतेस." मग म्हणाल्या, "जो धरतो त्याच्याकडे जातो."

मी म्हटलं, "मग मला देऊच नका. मला काय करायचेत? मी काय खाडीत जाऊन क्रेपस्क्युलर ओरडू?"

"नाही, तू घे," त्या म्हणाल्या. "नाहीतरी जाणारच आहेत. कुठे जातात ते तरी मला कळेल."

त्यांनी डिफेनेस्ट्रेट मला पुन्हा सांगितला, अर्थासकट. मी धरला. तो गेला.

मी उलटंही करून बघितलं. पर्लिक्यू त्यांना परत दिला, दहा वेळा म्हणून घेतला, हातावर बोट ठेवून दाखवला. त्या शहाण्या मुलीसारख्या म्हणत गेल्या. मी पाणी आणायला उठेपर्यंत पुसला गेला. शब्द परत जात नव्हते.

त्या महिन्यांत एक विचित्र व्हायचं. डोंबिवलीहून कोपरला पुलावरून चालत येताना डोक्यात ते शब्द आपोआप फिरायचे, आणि त्यांच्या मागे बारीक आवाजात वर्ग म्हणत असल्यासारखं वाटायचं. पोरं एका सुरात पाढे म्हणतात तसं. मी कधी इंग्रजीच्या वर्गात बसलेली नाही. घरी येऊन भाजी फोडणीला टाकली की थांबायचं.

मिलिंदचा फोन रोज यायचा, व्हिडिओवर. तो एकच विचारायचा. "आई, मी कोण?"

"माझा मुलगा."

"नाव सांग ना. घरातलं."

टीचर ओठ घट्ट मिटायच्या.

त्याचं एक घरातलं नाव होतं, जन्मल्यावर टीचरने ठेवलेलं. त्या नावाने त्याला फक्त आईच हाक मारायची. बापसुद्धा मिलिंदच म्हणायचा. टीचर ते नाव आता बोलत नव्हत्या. त्याला वाटायचं, विसरली. एकदा मी टीचरला झोपवल्यावर त्याने मला फोन केला.

"मावशी, खरं सांगा. तिला माझं नाव आठवतं का?"

"आठवतं. जपून ठेवलंय. बोललं की जाईल म्हणून बोलत नाहीत."

तो म्हणाला, "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"दादा, बरं वाटावं म्हणून मी काही बोलत नाही. कुणालाही विचार."

"मी येतोय," तो म्हणाला. "फार वर्षं झाली. मला दुसरं काही नको मावशी. तिने एकदा त्या नावाने हाक मारली, बस. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही."

तो येतोय म्हटल्यावर टीचर बदलल्या. शब्द देणं जवळजवळ बंद केलं. उरलेही थोडेच होते. एक दिला व्हजायटस, बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा रडतं ते रडणं. संध्याकाळी मुलाच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "हा झाला तेव्हा त्याने ते केलं, ते... काय करतात गं?" मला शब्द माहीत होता. माझ्या जिभेवर होता. मी सांगितलं, "रडतात." त्या म्हणाल्या, "हां, ते."

आणि शेवटचा दिला कार्फॉलॉजी. हा त्यांनी हसत हसत दिला. "तुझ्या कामाचा आहे. माणूस जायच्या आधी पांघरूण चिवडतो, काहीतरी उचलत राहतो, त्याला कार्फॉलॉजी म्हणतात." मी म्हटलं, "आम्ही वेचणं म्हणतो." त्यांना ते फार आवडलं. "वेचणं, वेचणं," दोनतीनदा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी वेचायला लागले की मला सांगशील?"

"घरच्यांना सांगतो आम्ही. पेशंटला नाही."

"घरचं इथे कोण आहे?" टीचरने विचारलं. मी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली.

मिलिंद यायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "यशोदा, एक नाव आहे. ते तू धर. मला पेलत नाहीये. तो आला की मला दे."

"नाही," मी म्हटलं. "परत जात नाहीत टीचर, आपण बघितलंय. तुम्हीच धरा. एक दिवसाचा प्रश्न आहे."

त्या दिवशी त्यांनी दिवसभर तोंड मिटून ठेवलं. पाणी प्यायलासुद्धा ओठ जेमतेम उघडायच्या.

तो आला त्या दिवसाचं सांगते. सकाळी विमान उतरलं. फोन आला, "मावशी, गाडीत बसलो. ऐरोलीवरून येतोय, जेवायला आईबरोबरच." मी टीचरना निळी साडी नेसवली, केस विंचरले, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. त्या ताठ बसल्या. शाळेत तपासणीला साहेब येणार असल्यासारख्या. तोंड मिटलेलं, हात मांडीवर.

जेवायची वेळ झाली. फोन आला. "शीळफाट्याला अडकलोय. ट्रक उलटलाय म्हणतात. गाडी हलतच नाही." भात थंड झाला. टीचरनी खाल्लं नाही. तोंड उघडायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, "टीचर, दोन घास घ्या, नाव कुठे पळत नाही." त्यांनी मान हलवली. नाव जिभेखाली गोळीसारखं धरून बसल्या होत्या.

परत फोन. "अजून शीळफाट्यालाच आहे मावशी. मी चालत येऊ का?"

"सूटकेस घेऊन? कुठून कुठे चालणार? बस गाडीत."

"आईला द्या फोन."

"नको. त्या बोलणार नाहीत. तू ये."

दुपार उतरली. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत बुद्धाच्या तसबिरीवरून पुढे गेला. टीचरच्या कपाळावर घाम होता. मी पुसत होते. तेव्हा बघितलं, त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. दोन बोटांनी साडीच्या निऱ्यांवरून काहीतरी उचललं, बाजूला ठेवलं. पुन्हा उचललं. हळूच, नीट.

माझ्याकडे त्याचे दोन शब्द होते, त्यांचा आणि आमचा. मी दोन्ही बोलले नाही. त्यांचा हात माझ्या हातात घेतला. तर त्यांनी मला खाली ओढलं. त्या अंगात एवढी ताकद कुठून आली कळलं नाही. ओठ माझ्या कानाला लागले आणि त्यांनी नाव सांगितलं.

मी मान मागे घेतली, पण ऐकलेलं परत करता येत नाही. मला धरायचं नव्हतं. इतके महिने शब्द धरायची सवय लागली होती, ते आपोआप धरलं गेलं. त्या मागे टेकल्या. ओठ सैल झाले. चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. दार उघडं टाकून कुणीतरी बाहेर पडावं, तसा तो चेहरा झाला. मग म्हणाल्या, "पाणी दे गं." ग्लासभर पाणी प्यायल्या.

दिवे लागायच्या वेळी तो आला. बॅग दारातच टाकली, बूटसुद्धा काढले नाहीत, आईच्या पायाशी बसला. "आई. आई, मी आलो."

टीचर छान हसल्या. जशा पालकसभेला कुणाच्या तरी वडिलांकडे बघून हसत असतील तशा. "या. बसा ना खुर्चीवर. यशोदा, यांना चहा टाक."

"आई, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, की मी सांगेन. त्या खोलीत मदतीला मीच होते. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा आवाज लहान झाला होता. मग तो उठला, खिडकीपाशी पाठ करून उभा राहिला. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

मला रडणारी माणसं आवडत नाहीत. आवडत नाहीत म्हणजे, मला काय करायचं ते कळत नाही. तिन्हीसांज होती. माझ्या आईने सांगितलेलं मला आठवत होतं. तरी मी हाक मारली. त्या नावाने.

"ओ," तो म्हणाला.

लहान मुलगा आतल्या खोलीतून ओ देतो ना, तशी. आणि वळला, आईकडे. आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती खालच्या निऱ्यांवरून काहीतरी वेचत होती. मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघताना कुणाचा चेहरा असा झालेला मी आजवर पाहिलेला नाही. तो घाबरला होता.

"तुम्ही हाक मारलीत?"

"हो."

"शेवटचं अक्षर लांबवून?"

लांबवलं होतं, ते मला तेव्हाच कळलं. टीचरने मला ते नाव कुजबुजत सांगितलं होतं. कुजबुजताना अक्षर लांबवता येत नाही. करून बघा.

टीचरने मान वर केली. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कौतुकाने म्हणाल्या, "तुझा मुलगा का गं, यशोदा? चांगला आहे."

मी चहा टाकायला आत गेले. गॅस पेटवला आणि तशीच उभी राहिले.  चहात साखर घातली की नाही ते मला आठवत नव्हतं, म्हणून पुन्हा घातली. दोघांनी तो तसाच प्यायला.

टीचर फार दिवस राहिल्या नाहीत. तो होता तोवर गेल्या, एवढं बरं झालं. विहारातून लोक आले, वंदना झाली. त्यांना मी आंघोळ घातली, निळीच साडी नेसवली. शेवटचं म्हणून त्यांचा हात हातात घेतला, अंगठा आणि बोटाच्या मधली ती जागा दाबून बघितली. मऊ होती. खडूचा हात.

नंतर मी काम सोडलं. लोकांना वाटतं गुडघे गेले म्हणून. गुडघे गेलेतच, पण ते आधीपासून गेलेत.

मिलिंद कॅनडाला परतला. तिथून दर रविवारी त्याचा फोन येतो. मी उचलते. तो काही बोलत नाही, त्याचा श्वास ऐकू येतो. मी हाक मारते. तो ओ म्हणतो आणि फोन ठेवतो. माझी सून विचारते, "कुणाचा फोन हो आई?" मी म्हणते, राँग नंबर. ती म्हणते, "दर रविवारी? राँग नंबरला बरी सवय लागलीय." सून हुशार आहे.

एकदा वाटलं त्याला सांगावं, बाबा, आता पुरे, तुझं नाव तुला माहीत आहे, आरशात बघून म्हण. मग वाटलं, स्वतःला हाक मारून स्वतःच ओ देता येत नाही. येत असेल तर ते मला बघायचं नाही.

गणपतीच्या आधी मी सुनेला म्हटलं, "ते दे गं, ते तळायचं." तिने झारा दिला. मी त्याचं काही मनावर घेतलं नाही. मग नातीच्या शाळेतल्या बाईंचं नाव गेलं, ते माझ्याकडे मुळात नीट नव्हतंच. मग आमच्या बाळकुमच्या शेजारणीचं गेलं, तिच्या मांडीवर मी वाढले. डॉक्टरकडे जायचं म्हणून सून मागे लागली आहे. जाईन.

तेव्हाच ठरवलं, अंकवाल्या बाईंना लेख द्यायचा. टीचरचे शब्द एकटीने सांभाळण्यात अर्थ नाही. तुम्ही पुष्कळ लोक आहात. ज्याला जो जमेल तो त्याने धरावा, म्हणजे कुठे गेले ते तरी कळेल. म्हणून मी ते अर्थासकट लिहिले, पोट गुरगुरण्यापासून खिडकीतून फेकण्यापर्यंत. आत्ता लेख संपवताना सगळे एकदा मोजून घ्यावे म्हटलं, तर पहिला शब्द आठवेना. हाताचं काहीतरी होतं. मागची पानं काढून वाचावं लागलं. अक्षर माझंच होतं. शब्द नवा वाटला.

बोरबोरिग्मस अजून आहे. सुसरस आहे.

नाव मी इथे लिहिलेलं नाही. सुनेला सांगितलेलं नाही, नातीला नाही, डॉक्टरांनाही सांगणार नाही. रविवारी सकाळपासून फोन येईपर्यंत मी तोंड उघडत नाही.